देवळीची नोंद

माझ्या व्यवसायात 'फॅमिली' हा शब्द दिवसातून इतक्या वेळा उच्चारला जातो की, त्याचा घरातल्या माणसांशी काही संबंध आहे याचाही विसर पडावा. "त्या खिडकीची फॅमिली उघड", "ही फॅमिली बिघडली आहे", "जुन्या फॅमिलीतून नवी काढ" अशी वाक्ये आमच्या कार्यालयात सकाळपासून कानांवर पडत असतात. बाहेरच्या कुणी ती ऐकली तर त्याला वाटेल, इथे इमारतींचे आराखडे होत नसून सोयरिकी जुळवल्या आणि मोडल्या जात आहेत. मी मराठीत विचार करणारा आरेखक आहे. त्यामुळे हा शब्द माझ्या मनात 'कुटुंब' असाच उमटतो, आणि कुटुंबामागोमाग यजमान येतात. आमच्या आजोबांच्या पिढीतले पुरुष पत्नीचा उल्लेख 'आमचे कुटुंब' असा करीत आणि बायका नवऱ्याला 'आमचे यजमान' म्हणत. ज्या सॉफ्टवेअरवर मी काम करतो त्यात या दोन्ही शब्दांचे इंग्रजी भाईबंद आहेत, आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते जुन्या घरातल्या नात्याइतकेच ताठर आहे.

हे नाते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८० च्या सुमारास मी आरेखन शिकलो तेव्हा कार्यालयात उताराचे लाकडी फळे होते, टी-स्क्वेअर होता, ट्रेसिंग पेपर होता आणि शाईची पेने होती. नको असलेली रेघ ब्लेडच्या पात्याने हलक्या हाताने खरवडून काढावी लागे. कागदाला भोक न पाडता ती काढता येणे ही आमच्यातली प्रतिष्ठेची गोष्ट होती. त्या कागदावरची रेघ ही केवळ रेघ असे. दोन समांतर रेघा म्हणजे भिंत, हा अर्थ काढणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मनात असे. कागदाला त्याचा पत्ता नसे. भिंतीत एखादी चमत्कारिक वस्तू असली तर ती काढायची, शेजारी बाण करून तिचे नाव लिहायचे, की काम झाले. पुढे संगणक आले, रेघ पडद्यावर गेली, तरी तिचा हा स्वभाव बराच काळ तसाच राहिला.

तो बदलला 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' या पद्धतीमुळे. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या वास्तुरचनाकारांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक लेख लिहून तिची मूळ कल्पना मांडली होती. इमारतीचे वर्णन एकदाच आणि एकाच ठिकाणी साठवावे. नकाशे, छेद, दर्शनी आराखडे आणि साहित्याची मोजणी हे सारे त्यातूनच काढावे. म्हणजे एका जागी केलेला बदल सर्वत्र आपोआप पोहोचेल, असा तो विचार होता. बांधकामाच्या व्यवसायात तो सर्रास रुजायला पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला. १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर ही कंपनी निघाली. यंत्रांचे सुटे भाग रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरच्या उद्योगातून तिचे संस्थापक आले होते. त्यांनी २००० मध्ये 'रेव्हिट' नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनीच विकत घेतली. आज माझ्या पडद्यावर जी भिंत उभी राहते ती स्वतःला भिंत म्हणून ओळखते. तिला आपली जाडी, आपले थर, आपली उंची ठाऊक असते. दार बसवायला घेतले की ते भिंतीत आपल्यापुरती वाट पाडून घेते आणि दारांच्या यादीत आपले नाव स्वतःच घालते.

या जगाची रचना चार पायऱ्यांची आहे. सर्वांत वर वर्ग असतात: भिंती, दारे, खिडक्या, खांब, जिने, फर्निचर. वर्गाच्या पोटात कुटुंबे असतात, म्हणजे एकाच घडणीच्या वस्तूंचा एकेक गोतावळा. दोन फळ्यांची दारे हे एक कुटुंब, सरकती दारे हे दुसरे. कुटुंबाच्या पोटात प्रकार येतात; तीन फुटी, साडेतीन फुटी. प्रकाराच्या पोटात नग. अमुक खोलीच्या अमुक भिंतीतले हे एक दार. कुटुंबे आपण हवी तितकी घडवावीत, प्रकार हवे तितके करावेत, नगांना तर गणतीच नाही. वर्ग मात्र निर्मात्यांनी ठरवून दिलेले. वापरणाऱ्याला त्यांच्या पोटात उपवर्ग करता येतात. एकही नवा वर्ग घालता येत नाही.

यजमानाचे तसेच. खिडकीचे कुटुंब ज्या साच्यातून जन्माला येते त्या साच्यातच लिहिलेले असते की, हिचा यजमान भिंत. एकदा साचा निवडला की पुढे तो बदलण्याची सोय नाही. अशी खिडकी भिंतीवाचून उभीच राहू शकत नाही, आणि भिंत पुसली की तिच्यातल्या सगळ्या खिडक्या तिच्याबरोबर नाहीशा होतात. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीने हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती सहज म्हणाली, "म्हणजे सहगमनच की!" सगळे हसले. मला ते हसण्यावारी नेता आले नाही. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी या यंत्रातल्या नात्याला आपल्या भाषेतले नाव दिले होते.

महाविद्यालयात संस्कृत घेतले असल्यामुळे अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' मला वाचावा लागला होता. रेव्हिटमधली वर्गांची यादी पाहताना तो आठवल्यावाचून राहत नाही. जगात जे जे काही आहे ते किती जातींत बसवता येईल, हाच त्या पोथीचाही प्रश्न. वैशेषिकांनी आरंभी सहा पदार्थ मानले: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. उत्तरकालीन आचार्यांना जाणवले की, 'भूतलावर घट नाही' हे जे आपल्याला कळते ते या सहांपैकी कशातच बसत नाही. मग त्यांनी 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला. अन्नंभट्टाकडे येईपर्यंत यादी सातांची झालेली आहे. मला यातले तत्त्वज्ञान किती कळले हा प्रश्न वेगळा. त्या परंपरेतला मोकळेपणा मात्र कळला. यादीत न बसणारी गोष्ट समोर आली तर तिला हुसकून न लावता यादी वाढवता येते, असे त्या मंडळींनी मानले. माझ्या पडद्यावरच्या यादीला तशी मुभा नाही. तिच्यात न बसणाऱ्या सर्व वस्तूंसाठी 'जेनेरिक मॉडेल' नावाचा एक वर्ग ठेवलेला आहे. आपण त्याला 'इतर' म्हणू. सरकारी अर्जाच्या तळाशी असतो तो 'इतर'.

या 'इतर'ची खरी ओळख मला एका वाड्याने करून दिली.

२०१८ च्या हिवाळ्यात पुण्याच्या एका जुन्या पेठेतला वाडा मोजण्याचे काम आमच्याकडे आले. दोन चौकांचा, पेशवाईच्या उत्तरकाळातला, पुढे पुष्कळ फेरफार झालेला. भाऊबंद अनेक, भाडेकरू त्याहून अनेक, आणि सगळ्यांच्या सह्या अखेर एका कागदावर आलेल्या होत्या. वाडा उतरवला जाणार हे ठरलेले होते. त्यापूर्वी त्याची पूर्ण संगणकीय प्रतिकृती करून ठेवावी, अशी वारसांपैकी परदेशी राहणाऱ्या एकाची इच्छा होती आणि त्याने त्याचा खर्च उचलला होता. याचा अर्थ असा की, जे आम्ही नोंदवू तेवढेच मागे राहणार होते. नव्या इमारतीच्या प्रतिकृतीत काही सुटले तर इमारतच आपली साक्ष देते. इथे साक्षीदारच जाणार होता.

वाड्यात त्या वेळी एक वयोवृद्ध काकू राहत होत्या. त्यांच्याबरोबर मी माजघरात फिरत होतो. भिंत तळाशी अडीच फूट जाड, माथ्याशी पावणेदोन; खाली दगड, वर चपट्या विटा. त्या भिंतीत एका ओळीत तीन पोकळ्या होत्या, तिन्ही सारख्याच उंचीच्या, तिन्हींना वर महिरप. मी वहीत 'कोनाडे, ३' असे लिहिले. काकूंनी वहीत डोकावून पाहिले.

"दोन कोनाडे. मधली देवळी," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा टेप लावला. मापात सुताचाही फरक नव्हता.

"मापात नाही हो फरक. इथे दिवा लागायचा. सासूबाई दिवेलागणीला इथे पणती ठेवायच्या, मग मी ठेवायला लागले. त्या बाजूच्यात फणेरपेटी असायची, आणि पलीकडच्यात मामंजींची औषधं."

मग त्यांनी मधल्या पोकळीच्या महिरपीवरून बोट फिरवले आणि मला दाखवले. बोट काळे झाले होते.

त्या दिवसापासून आम्ही माप घेताना प्रत्येक पोकळीच्या छतावरून बोट फिरवू लागलो. कुठे काजळी मिळे, कुठे तेलाचा चिकट थर, कुठे नुसता चुना. देवळ्या चौदा निघाल्या आणि कोनाडे नऊ. फळ्या असलेली फडताळे निराळी. आकार पाहून ही वाटणी कुणालाही करता आली नसती.

आता हे सारे प्रतिकृतीत कसे आणायचे? आमच्याकडचा एक हुशार तरुण म्हणाला, "काका, विंडो म्हणूनच टाकू या ना. भिंतीत बसते, भोक पाडते, उंची-रुंदी बदलता येते. मागची बाजू बंद केली की झालं." तांत्रिकदृष्ट्या त्याचे म्हणणे बरोबर होते. खिडकीच्या कुटुंबात थोडी कापाकापी केली की देवळी तयार होते आणि पडद्यावर ती हुबेहूब दिसते. या प्रकारच्या युक्त्या आमच्या धंद्यात रोज चालतात. ज्यासाठी घर नाही त्याला दुसऱ्याच्या घरात नाव बदलून ठेवायचे. मराठीत आपण याला तोडगा म्हणतो. मूळचा तोडगा दृष्ट लागल्यावर किंवा ताप उतरत नसल्यावर करायचा. तो का लागू पडतो हे विचारायचे नसते. आमच्या तोडग्यांबाबतही बहुतेक कुणी विचारत नाही.

पण खिडकी म्हणून घातलेली देवळी खिडक्यांच्या यादीत जाते. चित्र खरे राहते आणि मोजणी खोटी होते. एका जुन्या घराच्या दुरुस्तीत हे घडलेले मी पाहिले होते. तिथे दुसऱ्या एका कार्यालयाने कोनाड्यांच्या खिडक्या केल्या होत्या. यादी तशीच पुढे गेली, आणि अंदाजपत्रकात त्या कोनाड्यांना सागवानी झडपा, बिजागऱ्या आणि काचा लागल्या. ठेकेदाराला हे विचित्र वाटले नाही, कारण त्याने घर पाहण्याआधी यादी पाहिली होती. यंत्राच्या मर्यादेवर केलेली युक्ती अशी बाहेर पडते आणि माणसांच्या जगात खरी वस्तू होऊन बसते.

म्हणून आम्ही देवळीला 'इतर'मध्ये घातले. भिंत हा यजमान असलेला, पण खिडकीच्या वर्गात न मोडणारा असा एक साचा रेव्हिटमध्ये आहे. त्यात भरीव वस्तू न घडवता पोकळी घडवायची. सॉफ्टवेअर घन आकारांइतकेच पोकळीलाही आकार मानते. तिला लांबी, रुंदी, खोली देता येते, आणि ती यजमानाच्या अंगातून स्वतःएवढे द्रव्य वजा करते. आमची देवळी म्हणजे असा एक मोजून-मापून केलेला अभाव. तिची खोली भिंतीच्या जाडीहून नेहमी कमी राहील असे सूत्र घातले, म्हणजे ती कधी आरपार जाऊन खिडकी होणार नाही. आणि तिच्या माहितीच्या रकान्यांत आम्ही दोन रकाने आपले म्हणून वाढवले. एकाचे नाव 'घरातले नाव', दुसऱ्याचे 'कशावरून'. पहिल्यात 'देवळी' लिहिले. दुसऱ्यात 'महिरपीवर काजळी. घरातील वृद्धेने सांगितले'. वर्ग आम्हाला वाढवता आला नाही. रकाना वाढवता आला, आणि यादी त्या रकान्यावरून काढता आली.

एवढ्यावर प्रश्न मिटला असे मात्र नाही. ही माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी आयएफसी नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०१३ मध्ये त्याला आयएसओचा पूर्ण दर्जा मिळाला. त्यातही वस्तूंच्या जाती ठरलेल्या आहेत, आणि ज्याला जात सापडत नाही त्याच्यासाठी 'बिल्डिंग एलिमेंट प्रॉक्सी' अशी एक जागा आहे. आपण वेगळे काही सांगितले नाही तर रेव्हिटमधले 'इतर' बहुधा तिकडे जाऊन 'प्रॉक्सी' होतात. महाविद्यालयात प्रॉक्सी लावणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. वर्गात नसलेल्या मुलाच्या नावाने दुसऱ्याने 'हजर' म्हणायचे. आमच्या चौदा देवळ्या त्या यादीत अशाच हजर झाल्या. कुणाच्या तरी बदली. त्यांच्याबरोबर आमचे दोन रकाने जातील एवढी काळजी घेणे आमच्या हातात होते, ती आम्ही घेतली.

तुळशीवृंदावनाचे काय करावे यावर एक संपूर्ण दुपार गेली. यादीत झाडांचा वर्ग आहे, परिसराचा आहे, फर्निचरचा आहे. तुळस झाडांत जाईल. तिच्याखालचा कोनाडे पाडलेला दगडी चौथरा कशात जाईल? एकाने परिसर म्हटले. वाड्याचा आतला चौक घराचा परिसर नसतो, तो घराचा गाभा असतो, असे दुसऱ्याने सांगितले. शेवटी वृंदावनही 'इतर'मध्ये गेले आणि त्याचा 'घरातले नाव' हा रकाना भरला गेला.

दिंडीची गोष्ट निराळी. वाड्याच्या मोठ्या दरवाजाच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढे लहान दार असते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजालाही अशी दिंडी आहे. रेव्हिटमध्ये दाराचा यजमान भिंत असते, दुसरे दार नसते. दारातल्या दाराची तिथे कल्पनाच नाही. यावर आमच्या धंद्यात एक रूढ आडवाट आहे. यजमान नसलेल्या कोऱ्या साच्यात लहान दार घडवायचे, मागाहून त्याचा वर्ग बदलून 'दारे' असा करायचा, आणि मग ते मोठ्या दाराच्या कुटुंबात नेऊन वसवायचे. असे दार भिंतीत वाट पाडत नाही, कारण त्याला भिंत माहीतच नाही. कुटुंबात वसवताना त्याला 'सामाईक' अशी खूण केली तर ते मोठ्या दाराच्या आत राहूनही यादीत स्वतंत्रपणे मोजले जाते. खूण न केल्यास मोठ्या दारात विरून जाते. काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे एकत्र कुटुंबात राहून स्वतःचं रेशनकार्ड." याहून नेमके स्पष्टीकरण मला अजून करता आलेले नाही.

सर्वांत अधिक दिवस घेतले ते चौकातल्या खांबांनी. बारा लाकडी खांब, सुरूच्या घडणीचे, प्रत्येकाखाली दगडी तळखडा. एक कुटुंब, एक प्रकार, बारा नग, असे आम्ही धरून चाललो होतो. माप घेता घेता लक्षात आले की, ईशान्येकडच्या खांबाखाली तळखड्यावर चार बोटे उंचीचा आणखी एक दगड आहे, आणि तो खांब तेवढाच आखूड आहे. वरून पाहता काही कळत नाही. तुळई अगदी पाणसळीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या सुताराला एक लाकूड तोकडे मिळाले असावे. त्याने ते टाकून दिले नाही, वर ठिगळही मारले नाही. पाथरवटाकडून एक दगड घडवून घेतला आणि खाली सरकवला. सांधा कुणालाही दिसेल असा उघडा ठेवला. तोही एक तोडगाच होता.

हा दगड प्रतिकृतीत घेताना सॉफ्टवेअर अडून बसले. आमचा विचार असा की, प्रत्येक खांबाच्या कुटुंबातच असा दगड वसवावा आणि त्याची उंची त्या त्या नगाला द्यावी. एका खांबाला चार बोटे, बाकी अकरांना शून्य. परंतु रेव्हिटला शून्य उंचीचा घन मान्य नाही. उंची शून्यावर आली की ते आकार घडवू शकत नाही आणि चूक दाखवून थांबते. यावरचा तोडगा सर्वांना पाठ आहे. सूत्रात लिहायचे की, उंची एका मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर एक मिलिमीटर धर. आणि दुसऱ्या सूत्राने तो दगड दिसेनासा कर. पडद्यावर सारे ठीक दिसते. मात्र सामाईक खूण असलेली वस्तू दिसेनाशी केली तरी मोजणीतून जात नाही. यादी काढली असती तर बारा दगड निघाले असते. एक खरा आणि अकरा न दिसणारे.

तरुण म्हणाला, "काका, कोण बघणार आहे?"

मी त्याला चौकात नेले आणि तो उघडा सांधा दाखवला. त्या सुतारालाही कोण बघणार होते? एक पातळ पट्टी ठोकून सांधा झाकणे त्याला सहज शक्य होते. त्याने तो झाकला नाही, म्हणून दोनशे वर्षांनी आम्हाला कळले की इथे लाकूड कमी पडले होते. झाकला असता तर आम्ही बारा खांब सारखे मोजले असते आणि तीच नोंद राहिली असती.

अखेर आम्ही युक्ती सोडून दिली. खांबाची लांबी नगागणिक वेगळी देता येईल असे केले, आणि तो दगड एक स्वतंत्र वस्तू म्हणून त्या एकाच खांबाखाली ठेवला. काम थोडे वाढले. यादीत खांब बारा, तळखडे बारा आणि 'भरीचा दगड' एक, असे आले. तो शब्द काकूंचाच.

तेव्हापासून तोडगे तपासण्याची माझी एक सवय झाली आहे. नवा तोडगा समोर आला की मी आधी त्याची यादी काढून पाहतो, चित्र नंतर. मोजणीत तो खोटे बोलत असेल तर तो कितीही देखणा असला तरी नको. मग मी पाहतो, माझ्यामागून येणाऱ्याला तो उलगडेल का. आणि शेवटी, यंत्र सुधारले तर तो काढून टाकता येईल का. ही तिसरी गोष्ट प्रत्यक्षात अनुभवायला मिळाली. वाड्याच्या भिंती वर निमुळत्या होत जातात, आणि आम्ही काम केले तेव्हा रेव्हिटमध्ये निमुळती भिंत करण्याची सरळ सोय नव्हती. प्रत्येक भिंत आम्हाला जागच्या जागी, हाताने घडवल्यासारखी करावी लागली होती. पुढे २०२१ च्या आवृत्तीत कललेली भिंत आली आणि २०२२ च्या आवृत्तीत निमुळती. नव्याने रुजू झालेल्या मुलांनी आमची फाइल उघडून विचारले, इतका द्राविडी प्राणायाम कशासाठी? उत्तर भिंतीच्या रकान्यातच लिहिलेले होते: 'तळ अडीच फूट, माथा पावणेदोन, सोय नसल्याने अशी केली, सोय झाल्यास बदलावी.' त्यांनी ती बदलली. आमचे तीन आठवड्यांचे काम चार दिवसांत पुसले गेले आणि मला त्याचे वाईट वाटले नाही. ती भिंत आता स्वतःला निमुळती म्हणून ओळखते.

देवळीला असे दिवस येतील का, हे मला सांगता येत नाही. वर्गांची यादी करणाऱ्यांनी देवळी पाहिलेली नाही, यात त्यांचा दोष तरी काय? जे ज्याच्या घरात असते त्याला तो नाव देतो. जगातल्या पुष्कळ घरांतल्या पुष्कळ वस्तू अशाच 'इतर'मध्ये दाटीने बसलेल्या असणार, आणि त्या त्या ठिकाणचा कुणी आरेखक त्यांच्यासाठी एखादा रकाना वाढवीत असणार. वर्ग देणाऱ्याच्या हाती असतो, पण रकाना भरणे आपल्या हाती आहे. आणि तो भरायचा तर आधी महिरपीवरून बोट फिरवावे लागते.

२०२३ च्या उन्हाळ्यात वाडा उतरवला गेला. काकू त्याआधीच मुलीकडे राहायला गेल्या होत्या. खांब, तुळया, दारे जुन्या लाकडाच्या वखारीत गेली. दिंडीसह मोठा दरवाजा कुणी उपाहारगृहासाठी विकत घेतला असे ऐकले. भरीच्या दगडाचे काय झाले ते कळले नाही. देवळीला तर विकण्यासारखे काही नव्हतेच. भिंत गेली, तिच्याबरोबर तीही गेली.

फाइल आमच्याकडे आहे. रेव्हिटची नवी आवृत्ती साधारण दर वर्षी येते. जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडते, पण एकदा नव्यात साठवली की जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. फार वर्षे न उघडता ठेवली तर पुढे ती वाचता येईलच, याची हमी कुणी देत नाही. म्हणून आम्ही ती वर्षातून एकदा उघडतो, नव्या आवृत्तीत आणतो, याद्या काढून जुन्या याद्यांशी ताडून पाहतो आणि पुन्हा ठेवून देतो. वाड्यात दर वर्षी मृगाच्या आधी कौले चाळीत. फुटलेली काढायची, सरकलेली बसवायची. ते काम कुणाच्या डोळ्यांत भरण्यासारखे नसे. न केले तर पहिल्याच पावसात माजघर गळे. आम्हीही हे काम मेच्या अखेरीसच करतो. या वर्षी याद्या जुळल्या. देवळ्या चौदा, कोनाडे नऊ, भरीचा दगड एक.